लंडनमध्ये ऑयस्टर की बँकेचं कार्ड? टॅप कुठे करायचं, कुठे नाही

लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, कागदी तिकीट अजून मिळतं, पण ते इतकं महाग पडतं की घेण्यात अर्थ नाही. त्यामुळे मुलीकडे तीन महिने राहायला निघालेले आई-वडील असोत, कंपनीने दोन आठवड्यांसाठी पाठवलेला इंजिनिअर असो की सप्टेंबरमध्ये मास्टर्सला दाखल होणारी विद्यार्थिनी, विमानतळाबाहेर पडताना हातात टॅप करण्याजोगं एक कार्ड हवंच.

तुम्ही कोणत्या गाडीत बसलात, कुठे बदललीत, हे इथल्या यंत्रणेला दिसत नाही. तिला कळतं ते एवढंच: कोणतं कार्ड, कोणत्या रीडरवर, किती वाजता. त्यावरून ती प्रवास जुळवते आणि भाडं कापते. जास्त पैसे कापले गेले की बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. एखादा टॅप राहिलेला असतो, नको तिथे झालेला असतो, नाहीतर भलत्याच कार्डाने झालेला असतो. खालचे सगळे नियम या तीन गोष्टी टाळण्यासाठीच आहेत.

आधी कार्ड ठरवा

पर्याय दोन. एक, ऑयस्टर: आधी पैसे भरायचं निळं कार्ड, २००३ पासून चालू. दुसरा, तुमचं स्वतःचं कॉन्टॅक्टलेस डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, जे बसमध्ये २०१२ च्या अखेरीपासून आणि ट्यूबमध्ये सप्टेंबर २०१४ पासून चालतं. मोठ्या माणसाचं भाडं दोन्हींवर सारखंच. दिवसाची आणि आठवड्याची कमाल मर्यादा, म्हणजे कॅप, दोन्हींना लागू होते.

ऑयस्टर कार्डाचेच १० पौंड द्यावे लागतात (सप्टेंबर २०२५ पर्यंत ७ होते) आणि ते परत मिळत नाहीत. भारतीय बँकेचं कार्ड वापरलं तर परकीय चलनाचा अधिभार बसतो, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो आणि त्यावर जीएसटी. म्हणून अनेकजण ऑयस्टर स्वस्त समजतात. हिशेब करून बघा: साडेतीन टक्क्यांनी १० पौंड अधिभार व्हायला २८५ पौंडांचा प्रवास करावा लागतो. शिवाय ऑयस्टरमध्ये पैसे तुम्ही त्याच भारतीय कार्डाने भरलेत तर अधिभार तिथेही लागणारच. दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या, कुठलीही सवलत नसलेल्या माणसाने बँकेचं किंवा फॉरेक्स कार्डच वापरावं.

ऑयस्टर घ्यायची खरी कारणं वेगळी आहेत. वय साठच्या पुढे असून रेलकार्ड (रेल्वेभाड्यात सवलत देणारं कार्ड) काढणार असाल, सोबत अकरा ते पंधरा वर्षांचं मूल असेल, किंवा तुमचं कार्ड परदेशात भरवशाचं नसेल, तर ऑयस्टर घ्या.

प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. नवरा-बायको एकाच कार्डावर आत जाऊ शकत नाहीत. एकाच खात्याची दोन कार्डं, म्हणजे मुख्य आणि अॅड-ऑन, चालतात, कारण दोन्हींचे नंबर वेगळे असतात.

भारतातून निघण्यापूर्वी

रुपे कार्ड इथे चालत नाही. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्सप्रेस हवं, आणि त्यावर आडव्या लहरींचं कॉन्टॅक्टलेस चिन्ह हवं.

बँकेच्या अॅपमध्ये दोन बटणं चालू करा: आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर दोन्ही सुरुवातीला बंदच असतात. काही बँकांच्या अॅपमध्ये दोन्ही चालू केल्यावरही ‘आंतरराष्ट्रीय कॉन्टॅक्टलेस’ म्हणून तिसरं बटण आत कुठेतरी दडलेलं असतं. तेही शोधा आणि दैनिक मर्यादा शून्यावर नाही ना, ते बघा.

हे आधीच करून ठेवण्याला कारण आहे. ट्यूबच्या गेटवर टॅप केलं की रीडर तिथल्या तिथे बँकेला विचारत बसत नाही. अर्ध्या सेकंदात गेट उघडायचं असतं, म्हणून तो कार्ड खरं आहे आणि नकारयादीत नाही एवढंच तपासतो. बँकेकडे विचारणा नंतर मागून होते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असलेल्या कार्डानेही पहिलं गेट उघडू शकतं. मग बँक नकार देते, कार्ड नकारयादीत जातं आणि पुढच्या एखाद्या टॅपला लाल दिवा लागतो. ‘सकाळी चाललं, संध्याकाळी का नाही’ या कोड्याचं उत्तर बहुधा हेच असतं. अशा वेळी बँकेचं बटण चालू करा, थकलेली रक्कम ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या, म्हणजे टीएफएलच्या, संकेतस्थळावर किंवा त्यांना फोन करून भरा आणि तोवर दुसरं कार्ड वापरा. कार्ड पहिल्याच टॅपला नाकारलं गेलं तर त्याची चिप या प्रकारच्या तपासणीला जुळत नसावी. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही, कार्ड बदला.

पैसे प्रत्येक फेरीला वेगळे कापले जात नाहीत. दिवसभराचे टॅप जमा होतात आणि रात्री हिशेब होऊन एकच रक्कम वळती होते. पहिल्या टॅपनंतर अगदी छोट्या रकमेचा एसएमएस आला तर घाबरू नका, ती फक्त कार्डाची तपासणी असते.

टॅप करण्याची पद्धत

१. कार्ड पाकिटातून बाहेर काढा. पाकीट तसंच रीडरवर ठेवलं तर आतल्या तीन कार्डांपैकी कोणतंही एक वाचलं जातं. जाताना एक आणि येताना दुसरं वाचलं गेलं, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन अर्धवट प्रवास. दोन्हींवर कमाल भाडं, म्हणजे अपूर्ण प्रवासाला लागणारा सर्वांत चढा दर, बसतं.

२. पिवळ्या गोल रीडरवर कार्ड टेकवा, घासू नका. हिरवा दिवा लागून बीप झाला की उचला.

३. ट्यूब, डीएलआर (पूर्व लंडनची हलकी रेल्वे), ओव्हरग्राउंड (शहरातली उपनगरी रेल्वे) आणि एलिझाबेथ लाइनवर (शहराच्या आरपार जाणारी जलद रेल्वे) आत जाताना एक आणि बाहेर पडताना एक, असे दोन टॅप. बस आणि ट्रामला फक्त चढताना एक.

४. दिवसभर, आणि शक्यतो आठवडाभर, तेच कार्ड. फोनमध्ये तेच कार्ड भरलेलं असलं तरी प्लास्टिकचं कार्ड आणि फोन ही यंत्रणेसाठी दोन वेगळी कार्डं आहेत. सकाळी फोन आणि संध्याकाळी कार्ड असं केलंत, तर कॅप दोन्हींवर वेगवेगळी मोजली जाते आणि एकीपर्यंतही पोचत नाही.

मुंबईकराचा पाय घसरतो तो गेट नसलेल्या स्टेशनवर. लोकलला पास खिशात असला की झालं, उतरून सरळ चालू लागायचं, ही अनेक वर्षांची सवय. डीएलआरच्या बहुतेक स्टेशनांवर गेट नाही, जिन्याजवळ किंवा फलाटाच्या तोंडाशी रीडरचा खांब असतो. तो चुकला की प्रवास उघडा राहतो. उघड्या प्रवासावर कमाल भाडं लागतं, आणि ते कॅपमध्ये धरलं जात नाही. चढताना चुकला आणि तपासनीस भेटला तर दंड १०० पौंड, २१ दिवसांत भरला तर ५०.

ट्रामचा एक अपवाद लक्षात ठेवा. विम्बल्डनला ट्रामचा थांबा रेल्वे स्टेशनच्या गेटच्या आत आहे. तिथून ट्राम पकडताना गेटवर टॅप करायचं आणि ट्रामच्या फलाटावरच्या रीडरवर पुन्हा.

बस बदलणं: एका तासाचा नियम

२०२५ च्या दराने बसचं भाडं १.७५ पौंड, मग दोन थांबे जा की शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. पहिल्या टॅपपासून एका तासाच्या आत पुढच्या कितीही बस आणि ट्राम फुकट. याला हॉपर भाडं म्हणतात. ते सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा एकच बदल फुकट होता, जानेवारी २०१८ पासून कितीही झाले.

घड्याळ पहिल्या बसमध्ये चढताना सुरू होतं, उतरताना नाही. पहिली बस गर्दीत पन्नास मिनिटं अडकली तर बदलायला दहाच मिनिटं उरतात. पण दुसऱ्या बसमधला टॅप साठाव्या मिनिटाच्या आत झाला की पुरे, ती बस पुढे कितीही वेळ चालू दे. मध्ये ट्यूबचा प्रवास केला तरी हॉपर मोडत नाही.

दुसऱ्या बसमध्ये चढतानाही टॅप करायचंच. ‘आता फुकट आहे’ म्हणून न करता बसणं म्हणजे विनातिकीट. आणि उतरताना टॅप करू नका.

दिवसाची बसची कॅप ५.२५ पौंड, म्हणजे बरोबर तीन भाडी. तिसऱ्यांदा पैसे गेले की त्या दिवसाच्या पुढच्या सगळ्या बस मोफत. घाई नसलेल्या पाहुण्यांनी लंडन बसच्या वरच्या मजल्यावरूनच बघावं. ट्यूबच्या बोगद्यात बघण्यासारखं काही नसतं.

ट्यूब बदलणं: आतून आणि बाहेरून

समजा हाउन्स्लोला राहता आणि डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जायचंय. हाउन्स्लो सेंट्रलला टॅप करून पिकॅडिली लाइन, ग्रीन पार्कला उतरून आतल्या आतच ज्युबिली लाइन आणि डॉलिस हिलला बाहेर पडताना टॅप. ग्रीन पार्कला काहीच करायचं नाही. गेटच्या आत राहून कितीही गाड्या बदला, प्रवास एकच.

काही ठिकाणी मात्र बदलायला रस्त्यावर यावं लागतं. हॅमरस्मिथला दोन ट्यूब स्टेशनं आहेत, चौकाच्या दोन बाजूंना. वेस्ट हॅम्पस्टेडला एकाच रस्त्यावर ज्युबिलीचं, ओव्हरग्राउंडचं आणि थेम्सलिंकचं अशी तीन. कॅम्डन टाउन आणि कॅम्डन रोड, सेव्हन सिस्टर्स आणि साउथ टॉटनम याही अशाच जोड्या. इथे पहिल्या स्टेशनवर बाहेरचा टॅप आणि दुसऱ्यावर आतला टॅप, दोन्ही करायचे. ठरलेल्या वेळेत केलेत तर यंत्रणा दोन्ही तुकडे जोडून एकच भाडं लावते. वेळ जागेनुसार साधारण १० मिनिटांपासून ४० मिनिटांपर्यंत असते. वाटेत कॉफी प्यायला थांबलात तर जोड तुटते आणि दोन वेगळी भाडी पडतात.

हाच नियम कधी उलटतो. समजा वेम्बली पार्कहून निघून मोठ्या टर्मिनसवर उतरलात, कोणाला तरी पाकीट दिलंत आणि पाच-दहा मिनिटांत त्याच स्टेशनातून घरी परतलात, तर यंत्रणा जाणं-येणं जोडून टाकू शकते. मग तिला दिसतो तो वेम्बली पार्कला सुरू होऊन वेम्बली पार्कलाच संपलेला एक प्रवास, आणि भाडं चुकतं. असं झालं तर परतावा मागा, मिळतो.

गुलाबी रीडर

हा तपशील बहुतेक पाहुण्यांना कोणी सांगत नाही. लंडनचे झोन मध्यापासून बाहेर मोजतात आणि झोन १ मधून गेलं की भाडं चढतं. पण बाहेरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे अनेकदा दोन मार्ग असतात, एक मध्यातून आणि एक ओव्हरग्राउंडने वळसा घालून. दोन्ही मार्गांवर पहिला आणि शेवटचा टॅप सारखेच, मग यंत्रणेने कोणता मार्ग धरायचा? त्यासाठी विल्सडेन जंक्शन, गॉस्पेल ओक, हायबरी अँड इस्लिंग्टन, कॅनडा वॉटर, व्हाइटचॅपल, स्ट्रॅटफर्ड, रिचमंड अशा स्टेशनांवर फलाटाजवळ गुलाबी रीडर आहेत.

वेम्बली सेंट्रलहून स्ट्रॅटफर्डला जाताना विल्सडेन जंक्शनला खालच्या फलाटावर उतरायचं, जिना चढून वरच्या फलाटावर यायचं, गुलाबी रीडरवर तेच कार्ड टेकवायचं आणि ओव्हरग्राउंडची मिल्डमे लाइन पकडायची. मी झोन १ टाळून चाललोय, एवढंच तो टॅप सांगतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि प्रवासही संपत नाही. गुलाबी टॅप केला म्हणून शेवटचा पिवळा टॅप सोडायचा नाही.

वेळ, कॅप आणि चुकीचा सोमवार

गर्दीचे दर सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते संध्याकाळी ७. सार्वजनिक सुट्टीला नाहीत. हिशेब आत शिरतानाच्या टॅपचा: ९.२९ ला टॅप केलं तर गर्दीचा दर, दोन मिनिटं थांबलात तर नाही. संध्याकाळी झोन १ च्या बाहेरून झोन १ मध्ये येणाऱ्याला मात्र कमी दरच लागतो, कारण तो गर्दीच्या उलट्या दिशेने येतोय.

दिवस पहाटे ४.३० ला सुरू होतो, त्यामुळे रात्री दीडची बस आदल्या दिवसात मोजली जाते. २०२५ च्या दरात झोन १-२ ची दिवसाची कॅप ८.९० पौंड, झोन १ ते ४ ची १२.८०. दर बहुधा मार्चमध्ये बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी एकदा टीएफएलचं पान बघून घ्या.

याच दरात आठवड्याची कॅप झोन १-२ साठी ४४.७०, म्हणजे जवळपास पाच दिवसांच्या कॅपएवढी. पण हा आठवडा कायम सोमवार ते रविवार असतो, तुम्ही कधी आलात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गुरुवारी येऊन बुधवारी परतणाऱ्याचे सात दिवस दोन आठवड्यांत विभागले जातात: चार इकडे, तीन तिकडे. आठवड्याची कॅप कुठेच लागत नाही आणि रोज भरपूर फिरला तर सात दिवसांचे ६२.३० होतात. अशा माणसाने ऑयस्टर घेऊन त्यावर सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे ठरलेल्या झोनमधला पास, भरावं. ते कोणत्याही वारापासून सुरू होतं आणि किंमत तीच ४४.७०. ऑयस्टरचे १० धरूनही साडेसात पौंड वाचतात. रोज कॅपपर्यंत फिरणार नसाल तर या भानगडीत पडू नका.

थेम्सवरच्या बोटी आणि केबल कार याच कार्डांवर चालतात, पण त्यांचे पैसे कॅपमध्ये येत नाहीत.

हीथ्रो आणि स्लाव

हीथ्रोहून शहरात यायला तीन गाड्या आहेत. पिकॅडिली लाइन सगळ्यांत स्वस्त, २०२५ च्या दराने झोन १ पर्यंत ५.८०, आणि या मार्गाला सप्टेंबर २०२२ पासून दिवसभर गर्दीचाच दर. एलिझाबेथ लाइन १३.९०, पण बरीच लवकर पोचवते आणि मोठ्या बॅगा असतील तर सोयीची. हीथ्रो एक्सप्रेस त्याहून कितीतरी महाग आणि कॅपच्या बाहेर. गोची अशी की एलिझाबेथ आणि एक्सप्रेस विमानतळावर एकाच गेटमधून आत घेतात. टॅप करून समोर उभी असलेली गाडी पकडली आणि ती एक्सप्रेस निघाली, की पॅडिंग्टनला बाहेर पडताना खिसा हलका होतो. डब्यावरचं नाव वाचूनच चढा.

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाव (Slough) गावात नातेवाईक असतील तर ऑयस्टर विसरा. एलिझाबेथ लाइन रेडिंगपर्यंत जाते, पण ऑयस्टर वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. पुढे बँकेचं कार्ड किंवा कागदी तिकीट. ऑयस्टरवर टॅप करून स्लावला उतरलात तर गेट उघडत नाही आणि वरून दंडाची वेळ येते.

मुलं आणि ज्येष्ठ

अकरा वर्षांखालची मुलं बसमध्ये मोफत. ट्यूब, डीएलआर, ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथवरही मोफत, पण सोबत भाडं भरणारा मोठा माणूस हवा, एका मोठ्यामागे चार मुलांपर्यंत. त्यांना रुंद गेटमधून न्या. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलासाठी ऑयस्टर घ्या आणि ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ‘यंग व्हिजिटर’ सवलत भरून घ्या. मूल सोबत हवं. १४ दिवस निम्मं भाडं लागतं, मग सवलत आपोआप जाते.

लंडनच्या ज्येष्ठांना मिळणारं मोफत प्रवासाचं कार्ड फक्त तिथल्या रहिवाशांसाठी आहे. सीनियर रेलकार्ड मात्र साठ पूर्ण झालेल्या कोणालाही मिळतं, भारतीय पासपोर्टवरसुद्धा. वर्षाचे ३५ पौंड. ते काढून स्टेशनवर कर्मचाऱ्याकडून ऑयस्टरला जोडून घ्या. हे महत्त्वाचं, कारण नुसतं रेलकार्ड खिशात ठेवून टॅप केलं तर सवलत लागत नाही. जोडल्यावर गर्दीची वेळ सोडून ट्यूब आणि रेल्वेचं भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. बसला सवलत नाही. दोन्ही कार्डांचे मिळून ४५ पौंड, म्हणजे ते भरून निघायला कमी गर्दीच्या वेळचा १३५ पौंडांचा प्रवास व्हायला हवा. पंधरा दिवसांत होणं कठीण, तीन महिन्यांत सहज. आणि मध्ये एडिंबराला रेल्वेने जाऊन येणार असाल तर रेलकार्डाची किंमत त्या एका खेपेतही निघू शकते.

पैसे जास्त कापले गेले तर

आधी टीएफएलच्या खात्यात प्रवासांची यादी उघडा. जिथे सुरुवात किंवा शेवट कोरा दिसेल, तिथेच चूक. बऱ्याचदा यंत्रणा नेहमीचा मार्ग ओळखून स्वतःच दुरुस्ती करते, म्हणून दोन-तीन दिवस थांबायला हरकत नाही. नाही झाली तर राहिलेलं स्टेशन भरून परतावा मागा. आठ आठवड्यांची मुदत असते. ऑयस्टर खात्याला जोडून ठेवलेलं असेल तर हरवल्यावर शिल्लकही नव्या कार्डावर घेता येते.

परत निघताना ऑयस्टरमध्ये १० पौंडांपर्यंत शिल्लक असेल तर ती ट्यूब स्टेशनच्या मशीनवर परत घेता येते, पण त्यानंतर कार्ड निकामी होतं. शिल्लक संपण्याची तारीख नसते, म्हणून पुढच्या वर्षी यायचं असेल तर तसंच ठेवा. साधं ऑयस्टर घरातल्या पुढच्या पाहुण्याला बिनधास्त देता येतं. रेलकार्ड किंवा ट्रॅव्हलकार्ड भरलेलं मात्र ज्याचं त्यानेच वापरायचं.